हरल्यानंतरचा अर्धा तास

वाचकांचे प्रश्न, बुद्धिबळ प्रशिक्षकांची उत्तरं

या महिन्याच्या पत्रांत ओपनिंगबद्दल, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींबद्दल, फारशी विचारणा नाही. बहुतेक पत्रं हरल्यावर रडणाऱ्या मुलांबद्दल, रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या ऑनलाइन डावांबद्दल आणि हातात आलेला डाव घालवण्याबद्दल आहेत. म्हणून या वेळी चाल करण्याआधी आणि डाव संपल्यावर काय करायचं, यावरच लिहितो आहोत. आमचं मत आधीच सांगतो. बुद्धिबळ खेळल्यानं संयम, दुसऱ्याला समजून घेण्याची वृत्ती किंवा हार पचवण्याची ताकद आपोआप येत नाही. खेळ तसे प्रसंग पुन्हा पुन्हा समोर आणतो, एवढंच. सवय मुद्दाम लावावी लागते, आणि ती लावता येते.

माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. दोन वर्षांपासून स्पर्धा खेळतो. हरला की हॉलच्या बाहेर येताच रडायला लागतो, पुढची फेरी नको म्हणतो. मागच्या स्पर्धेत कमी रेटिंगच्या मुलाकडून हरला आणि पटावरची मोहरी हातानं विस्कटून उठला. आम्ही घरी कधीच रागवत नाही. मग असं का होतं? — एक आई, नाशिक

रडणं आणि मोहरी विस्कटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या वेगळ्याच ठेवा. दोन-तीन तास डोकं लावून हरलेल्या नऊ वर्षांच्या मुलाला रडू येणारच. ते थांबवायला जाऊ नका. मोहरी विस्कटणं मात्र चालणार नाही, आणि हे त्याला स्पर्धेच्या आदल्या दिवशी सांगायचं, त्या क्षणी नाही.

त्या क्षणी हातांना काम हवं असतं. म्हणून डाव संपल्यावरच्या कामांचा क्रम पक्का करून द्या: घड्याळ थांबवायचं, समोरच्याशी हात मिळवायचा, निकाल लिहून दोन्ही स्कोअरशीटवर (चाली लिहायच्या कागदांवर) सह्या करायच्या-घ्यायच्या, मोहरी परत मूळ घरांवर मांडायची, खुर्ची आत सरकवायची आणि मग बाहेर यायचं. गुकेश डिसेंबर २०२४ मध्ये विश्वविजेता झाला तेव्हा डोळ्यांतून पाणी वाहत असतानाही त्यानं पटावरची मोहरी पुन्हा मांडली होती. मुलाला तो व्हिडिओ दाखवा, त्याला लगेच कळेल. हा क्रम घरच्या डावांतही पाळायचा, आणि बाबा हरले तर त्यांनीही पाळायचा. घरी पाळला नाही तर स्पर्धेत आठवत नाही.

आता दाराबाहेरची गोष्ट. हॉलबाहेर उभ्या पालकांचा पहिला प्रश्न बहुधा ‘काय झालं?’ हाच असतो. तुम्ही रागवत नसालही, पण मूल आधी तुमचा चेहरा वाचतं. म्हणून आधीच ठरवून टाका की पहिला अर्धा तास निकालावर बोलायचं नाही. पाणी, केळं किंवा पोळीचा रोल, थोडं चालणं. पुढची फेरी तासाभरात असेल तर डावाचं विश्लेषण अजिबात नको, आणि मोबाइलवर इंजिन, म्हणजे चाली तपासणारा संगणक प्रोग्राम, तर मुळीच नको. इंजिन एका सेकंदात दाखवतं की बाविसाव्या चालीला तू जिंकत होतास. मूल ती बाविसावी चाल डोक्यात घेऊन पुढच्या पटावर बसतं आणि समोरचा डाव त्याला दिसतच नाही. एका हरलेल्या डावातून दोन हरलेले डाव तयार होतात ते असे.

रेटिंगची भीती असेल तर ती कागदावर गणित मांडून काढा, समजुतीच्या शब्दांनी ती जात नाही. समजा, त्याचं फिडे (जागतिक बुद्धिबळ महासंघ) रेटिंग १५५० आहे आणि समोरच्याचं १४५०. शंभर गुणांच्या फरकाला वरच्या खेळाडूकडून ०.६४ गुणांची अपेक्षा धरतात. अठरा वर्षांखालच्या आणि २३०० च्या आतल्या खेळाडूचा के-फॅक्टर, म्हणजे रेटिंग किती हलेल ते ठरवणारा गुणक, ४०. म्हणजे हरला तर ०.६४ गुणिले ४०, सुमारे २६ गुण गेले. पुढच्या फेरीत १६५० च्या मुलाला हरवलं की तेवढेच, सुमारे २६, परत आले. हे त्याला स्वतः मांडू द्या. शिवाय ०.६४ म्हणजे काय, तेही दाखवा: अशा मुलाशी दहा डाव झाले तर साडेसहाच्या आसपास गुण त्याचे, बाकीचे समोरच्याचे. ‘कमी रेटिंगवाल्याकडून हरलो’ यात अपमान मानण्यासारखं काही नाही, हे त्याच्याच वहीत अंकांत लिहिलेलं राहील.

विश्लेषण संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी करा. एक वही घ्या. हरलेला डाव पटावर मांडत जायचं आणि जिथे डाव फिरला असं त्याला स्वतःला वाटतं, तिथे थांबायचं. त्या चुकीला चारांपैकी एक नाव द्यायचं: समोरच्याची चाल दिसलीच नाही, दिसली पण मोजणी चुकली, काय करायचं ते माहीतच नव्हतं, किंवा घाई केली अथवा घाबरलो. नाव दिल्यानंतरच इंजिन उघडायचं. दहा डाव झाले की चारही रकाने मोजा. ‘दिसलीच नाही’ जास्त असेल तर रोज पंधरा मिनिटं सोपी कोडी. ‘मोजणी चुकली’ असेल तर थोडी अवघड कोडी, पण मोहरी न हलवता. ‘माहीत नव्हतं’ असेल तर एन्डगेमचा (डावाच्या शेवटच्या टप्प्याचा) धडा. ‘घाई’ असेल तर स्कोअरशीटवर दर पाच चालींनंतर घड्याळातली उरलेली वेळ लिहायला लावा. नियमात त्याला परवानगी आहे. नव्वद मिनिटांच्या डावात चाळिसाव्या चालीला सत्तर मिनिटं उरलेली दिसली की आणखी काही सांगावं लागत नाही.

तुम्ही नाशिकच्या आहात, म्हणून तुमच्याच गावच्या खेळाडूचं उदाहरण देतो. विदित गुजराथी २०२३ च्या ग्रँड स्विस स्पर्धेत पहिलीच फेरी हरला. स्पर्धा अकरा फेऱ्यांची, जगातले आघाडीचे खेळाडू समोर. उरलेल्या दहा फेऱ्यांत त्यानं साडेआठ गुण मिळवले, स्पर्धा जिंकली आणि टोरांटोच्या कँडिडेट्समध्ये, म्हणजे जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या स्पर्धेत, जागा पटकावली. ‘पुढची फेरी नको’ असं मुलगा म्हणाला की त्या स्पर्धेचा गुणतक्ता त्याच्यासमोर ठेवा.

पण मोठे खेळाडूच टेबलावर मूठ आपटतात, त्याचं काय? — एक वाचक, सोलापूर

तुमचा रोख जून २०२५ मधल्या नॉर्वेतल्या डावाकडे आहे. माजी जगज्जेता मॅग्नस कार्लसन गुकेशविरुद्ध जिंकत आलेला डाव हरला आणि त्यानं टेबलावर मूठ आपटली, मोहरी उडाली. ते चुकीचंच होतं. पण मुलांना पुढचे काही सेकंदही दाखवा: त्यानं तिथेच माफी मागितली आणि बाहेर जाताना गुकेशची पाठ थोपटली. गुकेशनंही नंतर सांगितलं की आपणही कारकिर्दीत पुष्कळ टेबलं आपटली आहेत. राग जगज्जेत्यालाही येतो. तो आल्यावर किती लवकर भानावर येता, हे सरावानं सुधारतं.

मी जिल्हा परिषद शाळेत शिकवते. पाचवी ते सातवीच्या मुलांसाठी आठवड्यातून एक तास बुद्धिबळ सुरू करायचं आहे. गुणवत्ता वाढते, मुलं एकमेकांना समजून घेतात असं ऐकलं आहे. तासात नेमकं काय घ्यावं? — शिक्षिका, सातारा जिल्हा

बाई, तुमचा उपक्रम मनापासून आवडला, म्हणूनच एक गोष्ट स्पष्ट सांगतो. पालकांना गणिताचे गुण वाढतील असं वचन देऊ नका. इंग्लंडमध्ये शंभर प्राथमिक शाळांत याची मोठी चाचणी झाली. २०१६ मध्ये तिचा अहवाल आला, आणि तास संपल्यानंतर वर्षभरानं तपासलं तेव्हा बुद्धिबळ शिकलेल्या मुलांच्या गणितात फरक आढळला नाही. बुद्धिबळ शिकवायला गुणांचा आधार लागत नाही, खेळ स्वतःच्या जोरावर उभा आहे.

दुसऱ्याला समजून घेण्याबद्दल. पटावर मूल समोरच्याचा बेत ओळखायला शिकतं. हे महत्त्वाचं आहे, पण ती माया नव्हे. समोरच्याचा बेत फसवणाऱ्यालाही छान ओळखता येतो. म्हणून तासाचे दोन भाग करा: पटावर बेत ओळखायचा आणि पटाबाहेर माणूस.

पहिल्या भागासाठी एकच डाव पुरे. (घराच्या नावात अक्षर म्हणजे उभी रांग, आकडा म्हणजे आडवी.) पांढऱ्याचं प्यादं ई४, काळ्याचं ई५. पांढऱ्याचा उंट सी४, काळ्याचा घोडा सी६. मग पांढरा वजीर एच५ वर. आता काळ्या बाजूच्या मुलांना विचारा, काय खेळाल? निम्म्याहून जास्त मुलं घोडा एफ६ म्हणतील, कारण त्यानं वजिरावर हल्ला होतो. मग पांढरा वजीर एफ७ वरचं प्यादं मारतो आणि मात. मुलांनी स्वतःची चाल पाहिली, समोरच्याची पाहिलीच नाही. आता पट मागे न्या आणि ‘काय खेळाल?’ ऐवजी विचारा, ‘त्याला काय हवं आहे?’ वजीर आणि उंट दोघंही एफ७ कडे बघताहेत, हे कुणीतरी बोट ठेवून सांगेल. मग जी६ सापडतं. वजीर एफ३ वर सरकला तर? पुन्हा तोच प्रश्न. अजूनही एफ७ च हवं आहे. आता घोडा एफ६ बरोबर, कारण तो मधली वाट अडवतो. तीच चाल आधी घातक होती आणि आता तीच योग्य आहे. फरक कुठे पडला, ते मुलांकडून वदवून घ्या, तुम्ही सांगू नका. या एका उदाहरणाला वीस मिनिटं गेली तरी चालतील.

दुसरा प्रयोग पट फिरवण्याचा. सगळे डाव चालू असताना घंटा वाजवा. मुलांनी जागा बदलायच्या, पांढऱ्यानं काळ्याच्या खुर्चीत बसायचं आणि डाव तिथूनच पुढे न्यायचा. मघापर्यंत वजीर जास्त असलेला आता वजिराशिवाय बचाव करतो. इथे हमखास एक गडबड होते. घंटा कधी वाजणार हे कळलं की चलाख मुलं आपला डाव मुद्दाम बिघडवतात. म्हणून वेळ सांगायची नाही, एका तासात एकदाच वाजवायची, आणि काही आठवडे अजिबात वाजवायची नाही.

तिसरा प्रयोग मुलांना सगळ्यात आवडतो. पटाच्या प्रत्येक बाजूला दोघं. एकानं फक्त मोहऱ्याचं नाव सांगायचं, ‘घोडा’ किंवा ‘प्यादं’, दुसऱ्यानं ते मोहरं कुठे न्यायचं ते ठरवायचं. दोघांनी आपसात बोलायचं नाही, खुणाही नाहीत. ‘मी हत्ती म्हटलं ते किती स्पष्ट होतं, याला कळलं कसं नाही?’ अशी चिडचिड होईल. मग भूमिका बदला. दहा मिनिटांत मुलाच्या लक्षात येतं की त्याला स्पष्ट वाटणारी गोष्ट दुसऱ्याच्या जागेवरून तशी दिसत नाही. आमच्या मते शाळेसाठी याहून चांगला बुद्धिबळाचा खेळ नाही. यात जोड्या तुम्ही लावा. मुलांवर सोडलं तर पट्टीची मुलं एकत्र येतात आणि नवखी एका कोपऱ्यात उरतात.

शेवटची दहा मिनिटं डावावरच्या गप्पांसाठी राखून ठेवा, ती कधीही खाऊ देऊ नका. आधी हरलेल्यानं बोलायचं. जिंकलेल्यानं एक प्रश्न विचारायचा: ‘इथे तुझ्या डोक्यात काय होतं?’ आणि मग स्वतः एक जागा दाखवायची, जिथे तो घाबरला होता. ‘तू उंट इथे आणलास तेव्हा मला वाटलं मी गेलो’ हे जिंकलेल्या मुलाच्या तोंडून ऐकलं की हरलेल्याचा चेहरा बदलतो. त्याला वाटत होतं भीती फक्त त्यालाच होती. माया शिकवायची तर ती इथे शिकवता येते.

सामानाचं म्हणाल तर चाळीस मुलांना गुंडाळता येणारे वीस पट पुरतात. ज्यांना चालीच येत नाहीत त्यांना पहिले दोन आठवडे फक्त आठ-आठ प्यादी द्या, ज्याचं प्यादं आधी शेवटच्या ओळीत पोचेल तो जिंकला. घड्याळं पहिल्या सहा महिन्यांत लागत नाहीत.

मी कॉलेजात आहे. रात्री तीन मिनिटांचे ऑनलाइन डाव खेळायला बसतो. एक हरलो की लगेच दुसरा. दीड-दोनशे रेटिंग एका रात्रीत जातं आणि दोन वाजतात. सकाळी स्वतःचाच राग येतो. खेळ सोडू का? — विद्यार्थी, कोल्हापूर

खेळ सोडू नकोस. तीन मिनिटांचे डाव काही दिवस सोड.

हिशोब बघ. चाळीस चालींचा डाव धरला तर तीन मिनिटांत एका चालीला साडेचार सेकंद मिळतात. एवढ्या वेळात विचार होत नाही, हाताला जी सवय आहे तेवढीच बाहेर येते. चिडलेला असशील तर चिडलेल्या हाताची सवय. पंधरा मिनिटं अधिक दर चालीला दहा सेकंद असा डाव घेतलास तर तेवढ्याच चालींना प्रत्येकी साधारण बत्तीस सेकंद मिळतात. त्यात ‘त्याला काय हवं आहे?’ हा प्रश्न विचारायला जागा आहे. स्वतःवर ताबा मिळवायचा सराव त्या बत्तीस सेकंदांत होतो, साडेचारात होत नाही.

महिनाभर असं कर. बसण्याआधी कागदावर लिही: आज दोन डाव. मोबाइलमध्ये नाही, कागदावर, कारण मोबाइलमधलं पान बदलायला वेळ लागत नाही. प्रत्येक डावानंतर किमान पंधरा मिनिटं तोच डाव बघायचा, वर आईंच्या उत्तरात सांगितलेल्या चार रकान्यांत चूक नोंदवायची, मग पुढचा. लागोपाठ दोन हार झाल्या की त्या दिवशी बंद. ‘एक शेवटचा’ जिंकून उठायचं ही अट सगळ्यात वाईट. जिंकेपर्यंत उठायचं नाही असं ठरवलं की कधी उठायचं हे तुझ्या हातात राहत नाही, ते समोर येणाऱ्या अनोळखी खेळाडूच्या हातात जातं. ‘रीमॅच’चं बटण तर दाबायचंच नाही.

ताबा सुटत चालल्याच्या खुणा ओळख. समोरच्याची चाल पूर्ण व्हायच्या आत तुझी बोटं पुढे जातात. प्यादं गेलं की ते परत मिळवण्यासाठीच खेळतोस, डाव कुठे चालला आहे ते बघत नाहीस. आणि तिसरी खूण: समोरचा नक्की इंजिन वापरतोय असं वाटायला लागतं. कधी कधी तसं असतंही. साइटवर तक्रारीचं बटण असतं, एकदा दाब आणि तो विषय तिथेच सोड. पण लागोपाठ तीन जण लबाड वाटायला लागले तर झोपायची वेळ झाली आहे. चॅट बंद ठेव. पडद्यापलीकडेही कुणीतरी रात्री जागून खेळणारं माणूस आहे, त्याला चार शब्द ऐकवून तुझं रेटिंग परत येत नाही.

महिन्यानंतर तीन मिनिटांचे डाव पुन्हा घ्यायचे असतील तर दिवसा, आणि आधी मोजून.

वय ६७. क्लबच्या स्पर्धा खेळतो. चांगली स्थिती मिळवतो, एखादं मोहरंही जिंकतो, आणि मग काहीतरी करून डाव घालवतो. वयाचा दोष म्हणायचा का? — निवृत्त बँक कर्मचारी, ठाणे

वयाचा थोडा वाटा असेल, पण मुख्य कारण ते नसावं. सिंगापूरमधल्या विश्वविजेतेपदाच्या लढतीचा चौदावा डाव, १२ डिसेंबर २०२४. गुण साडेसहा-साडेसहा. गुकेशसमोर तेव्हाचा जगज्जेता डिंग लिरेन. डिंगकडे एक प्यादं कमी, पण सावध खेळला तर बरोबरी. पंचावन्नाव्या चालीला त्यानं हत्ती एफ२ वर आणून हत्तींची अदलाबदल समोर ठेवली. त्याचा उंट ए८ च्या कोपऱ्यात होता. हत्ती गेल्यावर गुकेशचा काळा उंट डी५ वर येतो आणि कोपऱ्यातल्या उंटाला पळायला घरच उरत नाही, अदलाबदल करावीच लागते. उरलेला राजा-प्याद्यांचा डाव हरलेला. जगज्जेत्याची ही घोडचूक. पण आमच्या दृष्टीनं महत्त्वाचं आहे ते गुकेशनं नंतर सांगितलेलं. त्यालाही ती चूक लगेच दिसली नव्हती, तो हत्तीची दुसरीच चाल खेळणार होता. हात पुढे जायच्या आत त्यानं पुन्हा पाहिलं. अठरा वर्षांच्या मुलाला पुन्हा बघावं लागतं, मग सदुसष्टाव्या वर्षी लागलं तर त्यात वावगं काय?

तुमचं नेमकं काय होत असेल, ते असं. मोहरं जिंकलं की आपण समोरच्याकडे बघणं सोडतो. त्याच्याकडे आता काही नाही असं वाटतं, आणि त्याच वेळी तो जीव तोडून शोधत असतो. म्हणून ज्या क्षणी मनात ‘जिंकलो’ हा शब्द येईल, त्या क्षणी हात मांडीखाली घ्या, पाण्याचा घोट घ्या आणि आपल्या घड्याळातलं एक मिनिट खर्च करा. त्या मिनिटात स्वतःची चाल शोधायची नाही. समोरच्याच्या बाजूनं तीन गोष्टी बघायच्या, याच क्रमानं: तो कुठे शह देऊ शकतो, काय मारू शकतो, कशाची धमकी देऊ शकतो. पुढे चाल ठरली की खेळण्याआधी हीच तपासणी पुन्हा, दहा सेकंदांत. पूर्वी काही जण चाल आधी स्कोअरशीटवर लिहीत आणि मग पटाकडे पुन्हा बघत. आता नियमानुसार चाल आधी लिहिता येत नाही, त्यामुळे ती तपासणी मनातच करावी लागते.

पुढे असताना मोहऱ्यांची अदलाबदल करा, प्याद्यांची शक्यतो टाळा. मोहरी कमी झाली की समोरच्याच्या युक्त्या कमी होतात. प्यादी मात्र तुम्हाला वजीर करायला हवीत.

आणि अगदी शेवटी हात गार पडत असतील तर घरी हे करा. एकटा राजा समोर, तुमच्याकडे राजा आणि वजीर. काळा राजा ए८ च्या कोपऱ्यात आणि तुमचा वजीर बी६ वर किंवा सी७ वर, तर शह नाही आणि राजाला घरही नाही: स्टेलमेट, अर्धा गुण गेला. कोपऱ्यातल्या राजापासून घोड्याच्या अडीच घरांवर वजीर ठेवायचा नाही, एवढं लक्षात ठेवलं की पुष्कळ अर्धे गुण वाचतात. वजिरानं मात आणि हत्तीनं मात, दोन्ही दोन-दोन मिनिटांच्या घड्याळावर करून बघा, रोज तीन वेळा. आठवड्याभरात हात बसतो. मग तुमचेच घालवलेले डाव घ्या. ज्या चालीला तुम्ही पुढे होतात तिथून इंजिनशी तीन वेळा खेळा, जिंकेपर्यंत.

वयाचं म्हणाल तर मिखाईल बोत्विनिक १९६० मध्ये तरुण तालकडून विश्वविजेतेपद हरले आणि पुढच्याच वर्षी परतीच्या लढतीत त्यांनी ते परत मिळवलं, एकोणपन्नासाव्या वर्षी. तिसऱ्या तासाला थकवा येतो हे खरं. खिशात चिक्की ठेवा आणि दर तासाला एकदा उठून चार पावलं चाला.

मुलीचे सर म्हणतात, कधीच डाव सोडायचा नाही. वजीर गेल्यावरही खेळत बसणं समोरच्याचा अपमान नाही का? — एक वडील, नागपूर

शिकणाऱ्या मुलांच्या पातळीवर सरांचं बरोबर आहे. तिथे जिंकणाऱ्यालाही मात करता येईलच असं नसतं, वरचं स्टेलमेट पाहिलंच. खेळत राहून मूल वाईट परिस्थितीत शोधत राहायला शिकतं. अपमान होतो तो वेगळ्या गोष्टींनी: मुद्दाम घड्याळ संपेपर्यंत बसून राहणं, उसासे टाकणं, दर चालीला बरोबरी विचारणं. बरोबरी विचारायची तर चाल केल्यावर आणि घड्याळ दाबण्याआधी, एकदाच. नकार आला तर स्थिती खरंच बदलेपर्यंत पुन्हा नाही. मुलगी मोठी झाली आणि ‘समोरच्याच्या जागी मी असते तर डोळे मिटून जिंकले असते’ असं तिला स्वतःला पटलं, की डाव सोडायला हरकत नाही. सोडताना घड्याळ थांबवायचं, हात पुढे करायचा आणि समोरच्याकडे बघायचं.

समोरच्या मुलानं घोडा उचलला, परत ठेवला आणि उंट खेळला. मी म्हटलं घोडाच खेळ, तर तो म्हणाला हात लावलाच नाही. मला इतका राग आला की पुढचा डाव नीट खेळताच आला नाही. काय करायला हवं होतं? — इयत्ता आठवी, पणजी

तुझी मागणी बरोबर होती. हात लावलेलं मोहरं खेळावंच लागतं, फक्त सरळ करायचं असेल तर आधी तसं सांगून आणि स्वतःच्या चालीच्या वेळीच करता येतं. पण त्याच्याशी वाद घालू नकोस. घड्याळ थांबव, हात वर कर आणि पंचांना बोलाव. त्यांना एका वाक्यात सांग: ‘यानं घोडा उचलला होता, उंट खेळला.’ त्याच्याबद्दल काही बोलू नकोस, फक्त काय घडलं ते. आणि हे सगळं तू तुझं मोहरं हातात घ्यायच्या आधी व्हायला हवं. खेळायच्या इराद्यानं तुझा हात मोहऱ्याला लागला की तक्रारीचा हक्क जातो.

पंचांनी पाहिलं नसेल आणि साक्षीदार नसेल तर निर्णय तुझ्याविरुद्ध जाऊ शकतो. अशा वेळी घड्याळ पुन्हा सुरू झाल्यावर लगेच खेळू नकोस. स्कोअरशीटकडे बघ, शेवटच्या चार चाली बोटानं वाच, मग पटाकडे बघ आणि त्याचा उंट आता काय करू पाहतोय ते शोध. यात तुझं एखादं मिनिट जाईल. ते जाऊ दे.